भाच्याचा मलेरिया, आजोळचं रक्त आणि गच्चीवरची टाकी

चाळकरी

मंडळी, धागा थोडा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

गणपतीच्या आधीच्या आठवड्यात भाच्याला थंडी वाजून ताप भरला. वय १९. ताईचं घर बदलापूरला आणि कॉलेज माटुंग्याला, म्हणून तो आमच्याकडे परळला राहतो. आमची इमारत जुनी, चार मजली. शेजारची चाळ पाडून तिथे टॉवर उठतोय. तिसऱ्या दिवशी रक्त तपासलं तर व्हायव्हॅक्स मलेरिया. डॉक्टरांनी तीन दिवस क्लोरोक्विन आणि चौदा दिवस प्रायमाक्विन लिहून दिलं. ताप लगेच उतरला, आम्ही मखराच्या तयारीला लागलो.

प्रायमाक्विनच्या तिसऱ्या दिवशी सकाळी हा बाथरूमच्या दारातून म्हणतो, "मामा, जरा बघतोस का?" लघवी थम्सअपच्या रंगाची. मला वाटलं, पाणी कमी पडलं असेल. दोन तांबे पाणी पाजलं आणि कामाला गेलो (आता स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते). दुपारी बायकोचा फोन, डोळे पिवळे झालेत आणि दोन जिने चढून आला तर धापा टाकतोय. हॉस्पिटलात नेलं. हिमोग्लोबिन आठवड्यापूर्वी १३.९ होतं, ते ७.८ वर. तिथल्या डॉक्टरीणबाईंचा पहिलाच प्रश्न, "प्रायमाक्विन सुरू करण्याआधी जीसिक्सपीडी केली होती का?" मी विचारलं, ते काय असतं. त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं.

गोळी बंद केली, सलाईन लावलं, दोन बाटल्या रक्त चढवलं, किडनीवर नजर ठेवली. पाचव्या दिवशी पोरगं घरी आलं. आता ठीक आहे, मोदक हाणतोय.

पण डोक्यात भुंगा आहे. एक म्हणजे, हॉस्पिटलात केलेली ती जीसिक्सपीडी टेस्ट चक्क नॉर्मल आली. तरी डॉक्टरीणबाई म्हणतात की तोच प्रकार आहे, तीन महिन्यांनी परत करा. असं कसं? आणि दुसरं म्हणजे ताईच्या सासूबाई सगळ्यांना सांगत फिरतायत की "हे आमच्या घराण्यात नव्हतं, माहेराकडून आलंय." ताई दोन रात्री झोपलेली नाही. यातलं खरं किती?

सूक्ष्मदर्शी

चाळकरी, मी लॅबमध्ये तेहतीस वर्षं काढली, आता निवृत्त आहे. डॉक्टर नाही, तंत्रज्ञ. जे काचेखाली बघितलंय तेवढंच सांगते.

टेस्ट नॉर्मल का आली ते आधी. लाल पेशी म्हणजे डबा घेऊन घराबाहेर पडलेला चाकरमानी. तिला केंद्रक नाही, मायटोकॉन्ड्रिया नाहीत, म्हणजे वाटेत चूल मांडायची सोय नाही. निघताना जी एन्झाइम्स बरोबर घेतली त्यांवर साधारण १२० दिवस काढायचे. त्यातलंच एक जीसिक्सपीडी. ऑक्सिडीकरणाचा मारा झाला की पेशीला वाचवणारा जो ग्लुटाथायोन असतो, तो पुन्हा पुन्हा ताजा करण्याचं काम या एन्झाइमच्या जिवावर चालतं. तुमच्या भाच्याच्या पेशींचा डबा लवकर संपतो. एरवी काही कळत नाही, कारण रोजच्या जगण्याला तेवढा पुरतो. प्रायमाक्विन आलं की मारा एकदम वाढतो आणि डबा संपलेल्या जुन्या पेशी पटापट फुटतात. हिमोग्लोबिन रक्तात सांडतं, तिथून लघवीत. तोच तो थम्सअपचा रंग.

आता बघा, फुटल्या त्या जुन्या. उरल्या आणि घाईघाईने नव्या आल्या त्या तरुण, डबा भरलेल्या. वर दोन बाटल्या परक्या माणसांचं रक्त. टेस्टने मोजलं ते हे. नॉर्मल येणारच! आमच्याकडे असा रिपोर्ट आला की आम्ही खाली टीप घालायचो, हिमोलिसिस (म्हणजे लाल पेशी फुटणं) चालू असताना भरवसा ठेवू नये. ती टीप कोणी वाचत नसे ते सोडा. तीन महिन्यांनी परत करा, आणि नुसती 'आहे-नाही' सांगणारी नको, आकड्यात मोजणारी करा.

दुसरा प्रश्न. सासूबाईंचं शास्त्र बरोबर आहे, बोलणं चूक. या एन्झाइमचा जीन एक्स क्रोमोसोमवर असतो. मुलाला एक्स मिळतो तो फक्त आईकडून, बापाकडून वाय. म्हणजे हे आजोळचं, यात वाद नाही. पण यात ताईने काय केलं? तिच्या दोन एक्सपैकी कुठला मुलाला जाणार हे नाणेफेकीवर ठरतं. तिलाही तो कुठून तरी आलाच की.

आणि हो, चाळकरी, तुम्ही मामा आहात ना? मग तुम्हीही तपासून घ्या. तुमच्या आईकडून ताईला आलं असेल, तर तुम्हाला यायची शक्यता निम्मी आहे.

चाळकरी

ही शेवटची ओळ वाचून पोटात गोळा आला. माझ्या डोक्यात हा विचारच आला नव्हता. मला तर आजवर काही झालं नाही, वय ४७.

कल्याणची कल्याणी

भाच्याला बरं वाटतंय हे वाचून हायसं वाटलं. सूक्ष्मदर्शीताई, मस्त समजावलंत.

एक गंमत. या दोषाचे शेकडो प्रकार आहेत आणि त्यांना गावांची, प्रदेशांची नावं आहेत. भारतात मुख्य तीन सापडतात: मेडिटरेनियन, ओरिसा आणि केरळ-कल्याण. हो, आमचंच कल्याण! मला हे एम.एस्सी.ला असताना कळलं तेव्हा मी वर्गात एकटीच हसले होते. लोकल ट्रेनशिवाय कल्याणचं नाव जगात कुठे गेलं असेल तर ते इथे.

पारशी समाजात हा दोष बराच आढळतो, हे मुंबईतल्या डॉक्टरांना कित्येक दशकं माहीत आहे. पण आपल्यात नाही असं कुणीच समजू नये. जगभरात मिळून ४० कोटींहून जास्त लोकांना हा आहे असं मानतात.

रानवारा

एवढ्या लोकांत आहे म्हणजे फायदाही काहीतरी असणार ना? नाहीतर निसर्गाने कधीच गाळून टाकला असता.

सूक्ष्मदर्शी

बरोबर पकडलंत. जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया, तिथेच थॅलेसेमिया, सिकल सेल (हेही रक्ताचे आनुवंशिक आजार) आणि जीसिक्सपीडीचा दोष जास्त. जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९४९ मध्ये थॅलेसेमियाबद्दल हा तर्क मांडला होता (हे गृहस्थ पुढे भारताचे नागरिक झाले, भुवनेश्वरला वारले). अशा पेशीत मलेरियाच्या जंतूला नीट बस्तान बसवता येत नाही. म्हणजे भाच्याच्या कुणा खापरपणजीला ज्याने हिवतापातून वाचवलं असेल, त्यानेच हिवतापाच्या औषधात याला आडवं केलं. संरक्षण पूर्ण नसतं, ते तुम्ही बघितलंच.

आणि हा प्रकार कळलाच मुळी प्रायमाक्विनमुळे. अमेरिकेत शिकागोजवळच्या तुरुंगातल्या कैद्यांवर औषधाच्या चाचण्या चालू होत्या. काहींचंच रक्त फुटत होतं, बाकीच्यांना काही नाही. का, याचा माग काढत १९५६ मध्ये या एन्झाइमपर्यंत पोचले. कैद्यांवर चाचण्या हे आज वाचवत नाही, पण झालं ते असं.

बिरडेप्रेमी

मी गंभीर प्रश्न विचारतोय, हसू नका. नेटवर वाचलं की या लोकांनी फावा बीन्स खायचे नाहीत. फावा बीन म्हणजे वाल ना? माझ्या आतेभावाला हा दोष आहे आणि वहिनीने घरात डाळिंब्यांची उसळ बंद केलीय. आमच्या सीकेपी घरात श्रावणात बिरडं नाही, म्हणजे सुतक आहे का काय?

कल्याणची कल्याणी

😂 वहिनींना माझा निरोप द्या. फावा म्हणजे बाकला. वनस्पतीशास्त्रात व्हिसिया फाबा. आपला कडवा वाल म्हणजे लॅबलॅब परपुरियस, वेगळीच वनस्पती. त्रास देणारी व्हिसिन आणि कॉनव्हिसिन ही द्रव्यं बाकल्यात असतात. तेव्हा वाल मोड आणा, सोला, बिरडं करा. फक्त तळलेली मिक्स कडधान्यं, परदेशी कॅन आणि फलाफल बघून घ्या. इजिप्तमध्ये फलाफल बाकल्याचं करतात. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी काबुली चणे असतात, तरी विचारलेलं बरं.

सूक्ष्मदर्शी

खाण्यापेक्षा घरातली एक वस्तू जास्त महत्त्वाची: डांबर गोळ्या. नॅफ्थॅलीन. तान्ह्या बाळाची जुनी दुपटी, टोपरी ट्रंकेतून काढतात, वास येतोय म्हणून जरा झटकतात आणि गुंडाळतात बाळाला. बाळात हा दोष असेल तर कावीळ अशी चढते की रक्त बदलायची पाळी येते. मी हे माझ्या नोकरीत दोनदा बघितलंय. दोन्ही वेळा आजीने प्रेमाने जपून ठेवलेले कपडे.

औषधांत प्रायमाक्विन, डॅपसोन, लघवीच्या जंतुसंसर्गाला देतात ते नायट्रोफ्युरँटॉइन, मेथिलीन ब्लू, रासब्युरिकेज. ही यादी पाकिटात ठेवायची. बास. रोजचं औषध नाही, बाकला सोडून दुसरं पथ्य नाही.

स्लॅबकाका

तुमचं रक्तपुराण छान चाललंय, पण डास आला कुठून हे कुणी विचारलंच नाही. मी साइटवर २२ वर्षं काढलेला माणूस. चाळकरी, शेजारी टॉवर म्हणालात. स्लॅबवर क्युरिंगसाठी (काँक्रीट पक्कं व्हायला) आळी करून पाणी तुंबवतात, ते बघितलंय का? आणि लिफ्टचा खड्डा? पावसाळ्यात त्यात सहा-सहा महिने पाणी असतं.

मुंबईतला मलेरियाचा डास गटारातला नाही. अ‍ॅनॉफिलिस स्टीफन्सायला स्वच्छ, साठलेलं पाणी लागतं. टाकी, विहीर, कारंजं, साइट. अंड्यापासून डास व्हायला इथल्या उकाड्यात आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एकदा पाणी उपसा, भांडी कोरडी करा म्हणतात. आता हाच डास आफ्रिकेतही पोचलाय, २०१२ मध्ये जिबूतीत सापडला. तिथला मलेरिया खेड्यातला होता, हा त्याला शहरात घेऊन निघालाय.

पण नुसतं बिल्डरकडे बोट दाखवू नका. आधी स्वतःच्या गच्चीवर चढा.

मावळतीकर

स्लॅबकाकांना अनुमोदन. आणि हे दुखणं जुनं आहे. १९११ मध्ये डॉ. बेंटली यांनी मुंबईच्या मलेरियावर अहवाल लिहिला, त्यात याच डासावर आणि शहरातल्या विहिरींवर बोट ठेवलं होतं. विहिरी बुजवा, झाका म्हटल्यावर धर्माचा प्रश्न आला. पारशी आणि हिंदू दोघांनीही हरकत घेतली, कारण पूजेला विहिरीचंच पाणी लागतं. चर्चगेटची १७२५ सालची भिका बेहराम विहीर आजही नांदते आहे. बाकी कितीतरी गेल्या, आणि डासांनी गच्चीवरच्या टाक्यांत संसार थाटला.

पपईवाला

एवढं सगळं करण्यापेक्षा पपईच्या पानांचा रस द्यायचा. प्लेटलेट वाढतात.

सूक्ष्मदर्शी

इथे प्लेटलेटचा प्रश्नच नाहीये हो.

चाळकरी

स्लॅबकाका, काल तुमचं ऐकून गच्चीवर चढलो. सेक्रेटरींना सोबत नेलं, म्हणजे नंतर कुणी नाकारायला नको. तीन टाक्या. दोघींची झाकणं घट्ट. तिसरीचं लोखंडी झाकण गंजून एका कोपऱ्यात बशीएवढं भोक पडलंय, त्यावर कुणीतरी फरशीचा तुकडा ठेवलेला, तोही सरकलेला. तिला शिडीच नाही, त्यामुळे पालिकेचा माणूस आला तरी वर बघणार कसा? स्टूल लावून चढलो. घरून आणलेला पांढरा मग बुडवला, बॅटरी मारली.

पहिल्या मगात काही दिसलं नाही. दुसऱ्यात भिंतीलगतचं पाणी घेतलं. पाण्याच्या पृष्ठभागाला चिकटून, आडव्या, तांदळाच्या कण्यांपेक्षा बारीक करड्या काड्या. सावली पडली की झटका देऊन खाली जायच्या, थोड्या वेळाने परत वर येऊन आडव्या. मी अकरापर्यंत मोजल्या. सेक्रेटरी म्हणाले, "हे तर शेवाळ असेल." मग शेवाळ पळालं.

फोटो टाकतो संध्याकाळी.

स्लॅबकाका

आडव्या अळ्या म्हणजे अ‍ॅनॉफिलिसच. क्युलेक्स आणि एडिस या दुसऱ्या डासांच्या अळ्या शेपटीकडच्या नळीवर डोकं खाली करून तिरक्या लटकतात. याला ती नळी नाही, म्हणून हा सपाट पडतो. टाकी रिकामी करा, घासा, झाकण नवीन टाका आणि शिडी लावा. पालिकेच्या कीटकनाशक खात्याला कळवा. नोटीस आपल्यालाच येईल, येऊ दे. तेच लोक शेजारच्या साइटवरही जातील.

तिसरा मजला

म्हणजे तो पोरगा परळला राहायला आला नसता, तर आयुष्यभर कळलंच नसतं की त्याला हे आहे?

चाळकरी

हेच माझी बायको म्हणाली.

जुईली_डी

मला वेगळंच विचारायचंय. माझ्या लग्नाचं बघतायत. माझ्या भावाला जीसिक्सपीडी आहे, म्हणजे मी वाहक असू शकते. हे स्थळांना सांगायचं का? आई म्हणते, अजिबात नाही. थॅलेसेमिया मायनरचं (म्हणजे त्याचा नुसता वाहक असल्याचं) सांगतात, मग हे का नाही?

रानवारा

सांगायलाच हवं. लपवून संसार कसला करायचा?

सूक्ष्मदर्शी

रानवारा, जरा दमानं. या दोन गोष्टी एका तागडीत घालू नका. नवरा-बायको दोघंही बीटा थॅलेसेमिया मायनर असतील, तर प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के शक्यता असते की मूल मेजर होईल. त्या मुलाला जन्मभर रक्त चढवावं लागतं. म्हणून लग्नाआधी एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी रक्ताची टेस्ट) करून घ्या म्हणतात. त्यातला एचबीएटू हा प्रकार ३.५ टक्क्यांच्या वर गेला की मायनर समजतात. इथे निर्णयच वेगळा असतो.

जीसिक्सपीडीत मुलगा दोषासकट जन्मला तरी त्याला हवी असते ती औषधांची यादी आणि जन्मल्यावर काविळीवर लक्ष. जुईली, तू ते जोडीदाराला सांग, स्थळाला नको. बायोडेटात रक्तगटाच्या खाली लिहायची ही गोष्ट नाही, पण पहिल्या बाळंतपणात डॉक्टरांना माहीत असायलाच हवी. आणि स्वतःची आकड्यातली टेस्ट कर. बाईच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स झोपलेला असतो, कुठला ते नशिबावर. काही वाहक बायकांत चांगला एक्सच जास्त झोपलेला निघतो आणि त्यांनाही प्रायमाक्विन बाधतं.

जुईली_डी

"जोडीदाराला सांग, स्थळाला नको." हे आईला वाचून दाखवलं. मान डोलावली, बोलली नाही काही.

कल्याणची कल्याणी

चाळकरी, एक राहिलंच. व्हायव्हॅक्सचे जंतू यकृतात झोपून राहतात, क्लोरोक्विनने ते मरत नाहीत. प्रायमाक्विन देतात ते त्यांच्यासाठीच. भाच्याचा कोर्स तिसऱ्याच दिवशी थांबला, म्हणजे काही आठवड्यांनी, महिन्यांनी ताप उलटू शकतो. असा दोष असलेल्यांना प्रायमाक्विन रोज न देता आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, रक्तावर नजर ठेवून देण्याची पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली आहे. द्यायचं की नाही हे डॉक्टरच ठरवतील, पण ताप आला की "व्हायरल असेल" म्हणून बसू नका. परळलाच राहता, तर केईएमच्या आवारात आयसीएमआरची एनआयआयएच ही रक्ताच्या अशाच आजारांवर काम करणारी संस्था आहे. तुमच्या डॉक्टरांना त्याबद्दल विचारा.

चाळकरी

धागा मागे पडला होता, वर काढतो. बरंच झालंय.

भाच्याचा ताप एकदा उलटला, दिवाळीनंतर. या वेळी पहिल्याच दिवशी रक्त तपासलं. आठवड्याची गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली चालू आहे, दर खेपेला हिमोग्लोबिन बघतात. आतापर्यंत ठीक. त्याची टेस्ट परत केली, या वेळी कमी आली. सूक्ष्मदर्शीताई, डब्याचं गणित जुळलं.

माझीही केली. कमी. जवळजवळ नाहीच म्हणा.

रिपोर्ट घेऊन आईकडे गेलो. तिला समजावताना म्हटलं, अगं मला कधी काही झालं नाही. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "झालं नाही कसं? जन्मलास तेव्हा हळद लावल्यासारखा पिवळा होतास. आठ दिवस काचेच्या पेटीत ठेवला होता." मग थोड्या वेळाने आपणहून, "तुझी दुपटी माझ्या आईने पाठवली होती, ट्रंकेतली. डांबर गोळ्यांचा असा घमघमाट की दाई नाक धरायची." आणि मग माझ्या थोरल्या मामाची गोष्ट. गिरणीत असताना त्याला हिवताप आला होता, गोळ्या दिल्या होत्या, आणि नंतर "काळी कावीळ" झाली म्हणून महिनाभर गावी जाऊन राहिला होता. तेच होतं का, आता कोण सांगणार. पण इतकी वर्षं डॉक्टरांनी मला शुगर, बीपी, वडिलांचा हार्ट अटॅक, सगळं विचारलं. मामाला काय झालं होतं हे एकानेही विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नसतं.

ताईला हे सगळं फोनवर सांगितलं. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे माझ्या एकटीचं नाही." सासूबाईंचं माहीत नाही, ताई झोपली त्या रात्री.

माझी मुलगी बारावीत आहे. तिला माझा एकच एक्स मिळालाय, त्यामुळे ती वाहक आहे हे टेस्टशिवायच ठरलेलं. आकड्यातली टेस्ट परीक्षेनंतर करू. तिने ऐकलं आणि विचारलं, "मग दादाला नाही का?" नाही, त्याला माझा वाय गेलाय. म्हणते, "त्याला नेहमीच सुटका मिळते."

टाकीचं झाकण नवीन बसलं. शिडीचं कोटेशन कमिटीत अडकलंय. साइटवर नोटीस लागली, लिफ्टच्या खड्ड्यात पंप लावलाय आणि विहिरीत सोडतात तसले गप्पी मासेही सोडलेत. भाच्याने औषधांची यादी फोनच्या कव्हरमध्ये रेल्वेच्या पासामागे सरकवून ठेवलीय.

आता एक घरगुती अडचण. बायकोने कपाटातल्या झाडून सगळ्या डांबर गोळ्या फेकून दिल्या, आणि लगेच माझ्या लग्नातल्या शेल्याला कसर लागली. तिथे काय ठेवावं?

बिरडेप्रेमी

वेखंडाचे तुकडे पुरचुंडीत बांधून ठेवा, आणि वाळलेला कडुनिंबाचा पाला. आमच्या आजीच्या पैठणीला पन्नास वर्षांत काही झालं नाही. आणि हो, वहिनीने परवा बिरडं केलं!